फ्लूचा विषाणू आपल्याला पकडतो कसा? पेशीवरच्या साखरेची गोष्ट

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)

लोकलमध्ये एका हाताने हँडल धरून ऐकणाऱ्या, जिममध्ये ऐकणाऱ्या, भांडी घासताना फोन ओट्यावर ठेवून ऐकणाऱ्या सगळ्यांचं स्वागत. आजचा विषय फ्लू. पण "वाफ घ्या, आराम करा" असा भाग नाही हा. आज आपण एकच प्रश्न घेणार आहोत. फ्लूचा विषाणू आपल्या शरीरातल्या पेशीला पकडतो कसा? नुसता पकडतो कसा, एवढंच. कारण या एका प्रश्नावर बरंच काही अवलंबून आहे.

नवापूरचं कोडं

फेब्रुवारी २००६. नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर, गुजरातच्या हद्दीला लागून. तिथल्या पोल्ट्री फार्ममध्ये कोंबड्या पटापट मरायला लागल्या. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि उत्तर आलं: एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. भारतात हा रोग पहिल्यांदा सापडला तो आपल्या महाराष्ट्रात, नवापूरला. काही लाख कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. तिथला पोल्ट्रीचा धंदा आडवा झाला आणि राज्यभर लोकांनी चिकन खाणं सोडलं.

आता कोडं बघा. याच कोंबड्यांना रोज दाणापाणी देणारी, त्यांची विष्ठा काढणारी, मेलेल्या कोंबड्या हाताने उचलणारी माणसं तिथे होती. त्यांचे नमुने तपासले गेले. एकाही माणसात लागण सापडली नाही.

हे एका बाजूला ठेवा. दुसऱ्या बाजूला आपला नेहमीचा फ्लू. ऑफिसमध्ये एक जण शिंकतो आणि आठवड्यात अर्धी टीम रजेवर. २००९ आठवतंय का? तुमच्यातले बरेच जण तेव्हा शाळेत असतील. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू त्या ऑगस्टमध्ये पुण्यात झाला, शाळा बंद झाल्या, मेडिकलमधले मास्क संपले. तो विषाणू एका माणसाकडून दुसऱ्याकडे सहज जात होता.

दोन्ही विषाणू इन्फ्लुएंझा ए याच घराण्यातले. मग एक कोंबडीत धुमाकूळ घालतो पण माणसात क्वचित शिरतो, आणि दुसरा माणसामाणसांत उड्या मारतो, असं का?

कोड्याचा अजून एक तुकडा आहे. बर्ड फ्लू माणसाला क्वचित होतो, पण झाला तर फार वाईट होतो. २००३ पासून जगभरात एच५एन१ची लागण झाल्याचं सिद्ध झालेली माणसं ९०० च्या वर आहेत, आणि त्यातली जवळपास निम्मी दगावली. म्हणजे शिरत नाही, शिरला तर सोडत नाही, आणि तरीही शेजारच्या माणसाकडे पसरत नाही. या तिन्ही गोष्टींच्या उत्तराचा मोठा भाग एका साखरेत आहे.

पेशी म्हणजे गुळगुळीत चेंडू नाही

शाळेच्या पुस्तकातली पेशीची आकृती आठवा. गोल, गुळगुळीत, मध्ये केंद्रक. खरी पेशी अशी नसते. ती ज्वारीच्या शेतासारखी असते. तिच्या सगळ्या पृष्ठभागावर साखरेच्या साखळ्या उभ्या असतात, दाटीवाटीने. साखर म्हणजे चहातली नाही बरं का. रसायनशास्त्रात साखरेचं कुटुंब मोठं आहे. ग्लुकोज, गॅलॅक्टोज वगैरे मणी एकमेकांना जोडून या साखळ्या बनतात.

ज्वारीच्या ताटाला शेंड्यावर कणीस असतं ना, तसा या साखळ्यांपैकी कितीतरींच्या टोकाला एक खास मणी असतो. त्याचं नाव सियालिक ॲसिड. ग्लुकोजमध्ये सहा कार्बन असतात, यात नऊ. त्यावर ऋण विद्युतभारही असतो. पेशीचं हे अगदी बाहेरचं टोक, म्हणजे बाहेरून येणाऱ्या कोणालाही पहिल्यांदा लागणारी वस्तू.

फ्लूचा विषाणू नेमकं हेच कणीस पकडतो. विषाणू ज्या गोष्टीला पकडतो तिला रिसेप्टर म्हणतात. कोविडच्या काळात एसीई-२ हे नाव ऐकलं असेल. तो कोविडच्या विषाणूचा रिसेप्टर, आणि ते प्रथिन आहे. फ्लूचा रिसेप्टर साखर आहे.

विषाणूच्या बाजूने पकडणारा हात म्हणजे एच. एच५एन१, एच१एन१, एच३एन२ या नावांतला एच तो हाच. पूर्ण नाव हिमॅग्लुटिनिन. आणि एन म्हणजे न्यूरामिनिडेज, ही विषाणूची कात्री. एच पकडतो, एन कापतो. आजच्या भागात ही दोनच पात्रं आहेत, तेवढी लक्षात ठेवा.

फुटलेली रक्तवाहिनी आणि लाळेचं नाव

हे कळलं कसं, ते ऐका. १९४१ साल, अमेरिका. जॉर्ज हर्स्ट नावाचे शास्त्रज्ञ कोंबडीच्या अंड्यात फ्लूचा विषाणू वाढवत होते. अंड्यातल्या गर्भाभोवतीचा द्रव काढताना एखादी बारीक रक्तवाहिनी फुटली की थोडं रक्त त्या द्रवात मिसळायचं. त्यांच्या लक्षात आलं की विषाणू असलेल्या द्रवात लाल रक्तपेशी एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात. विषाणू दोन पेशींच्या मध्ये बसून दोघींना धरून ठेवत होता. हिमॅग्लुटिनिन हे नाव यातूनच आलं: रक्तपेशी चिकटवणारं.

यापेक्षाही मजेदार निरीक्षण पुढचं होतं. थंडीत विषाणू रक्तपेशींना चिकटून राहायचा. तापमान शरीराइतकं, ३७ अंशांवर नेलं की काही वेळाने तो आपोआप सुटायचा. आणि सुटल्यावर त्याच पेशींना तोच विषाणू पुन्हा घातला तर तो चिकटायचाच नाही! विषाणू मात्र ठणठणीत, नव्या पेशींना आरामात चिकटायचा. म्हणजे जाताना विषाणूने पेशीवरचं काहीतरी कापून टाकलं होतं. हर्स्ट यांनी अंदाज बांधला की विषाणूकडे एक एन्झाइम असणार. तीच आपली कात्री, एन.

कापलं काय जात होतं? इथे ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नची टीम कामी आली. तिथल्या मॅकफार्लन बर्नेट आणि सहकाऱ्यांना दिसलं की कॉलऱ्याच्या जिवाणूपासून मिळणारं एक एन्झाइमही रक्तपेशींवरचा हा रिसेप्टर उडवतं. पुढे आल्फ्रेड गॉटशाक यांच्या कामातून स्पष्ट झालं की तुटून पडणारा तुकडा म्हणजे सियालिक ॲसिड.

हा पदार्थ आधीच माहीत होता. १९३६ मध्ये स्वीडनच्या गुन्नार ब्लिक्स यांनी तो गुरांच्या लाळग्रंथीतल्या चिकट पदार्थातून वेगळा केला होता. म्हणून नावही तसंच, ग्रीक भाषेत लाळेला सियालॉन म्हणतात. लाळ आणि शेंबूड यांच्यात सियालिक ॲसिड भरपूर असतं. याचा उपयोग आपण पुढे बघूच.

हर्स्ट यांची रक्तपेशींची चाचणी आजही वापरात आहे. लसीत कोणत्या प्रकारचे विषाणू घ्यायचे हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा ठरवते, तेव्हा जगभरातून आलेल्या माहितीत या चाचणीचे निकालही असतात. ऐंशी वर्षांहून जुनी पद्धत, अजून रिटायर झालेली नाही.

कुसळासारखी पकड

आता पकड कशी असते ते बघू. बऱ्याच ठिकाणी "कुलूप आणि किल्ली" असं उदाहरण देतात. फ्लूला ते नीट लागू पडत नाही. किल्ली एक असते आणि घट्ट बसते. इथे उलटं आहे.

पावसाळा संपल्यावर ट्रेकला गेला असाल तर गवतातून चालताना पँटला कुसळं लागतात हे माहीत असेल. एक कुसळ सहज निघतं. शंभर लागली की पँट धुवायला टाकायच्या आधी बसून अर्धा तास उपटत बसावं लागतं. विषाणूची पकड ही अशी आहे. एका एचची एका सियालिक ॲसिडवरची पकड फारच कमजोर असते, क्षणात सुटणारी. पण विषाणूच्या अंगावर असे काहीशे हात असतात. विषाणू केवढा? साधारण १०० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये दहा हजार विषाणू ओळीने बसतील. एवढ्याशा गोळ्यावर काहीशे हात. एक सुटला तर बाजूचे दहा धरून असतात.

कमजोर पकडीचा विषाणूला फायदाच होतो. एक हात सोडत, दुसरा धरत तो पेशीच्या पृष्ठभागावर सरकू शकतो आणि आत शिरायला योग्य जागा गाठू शकतो. मग पेशी स्वतःच त्याला गिळते, एका बारीक पिशवीत बंद करते. ती पिशवी आतून आम्लयुक्त होते. आम्ल लागलं की एचचा आकार स्प्रिंगसारखा उलटतो, विषाणूचं आवरण पिशवीच्या आवरणात मिसळतं आणि विषाणूचा जनुकीय माल पेशीत ओतला जातो. पुढचं काम पेशीचीच यंत्रणा करते, बिचारी.

सरळ कणीस, वाकलेलं कणीस

आता नवापूरच्या कोड्याकडे. सियालिक ॲसिड टोकाला असतं हे सांगितलं. ते ज्या मण्याला जोडलेलं असतं तो बहुतेक वेळा गॅलॅक्टोज. गॅलॅक्टोजच्या कार्बनना क्रमांक असतात. सियालिक ॲसिड तिसऱ्या क्रमांकाच्या कार्बनला जोडलेलं असेल तर त्याला आपण "२-३ जोड" म्हणू, आणि सहाव्याला जोडलेलं असेल तर "२-६ जोड". पहिला आकडा दोन आहे, कारण सियालिक ॲसिडच्या बाजूने जोड त्याच्या दुसऱ्या कार्बनवर असतो.

मणी तोच, शेजारचा मणी तोच. जोडायची जागा तेवढी वेगळी. पण सहावा कार्बन गॅलॅक्टोजच्या कड्याच्या बाहेर लोंबत असतो, त्यामुळे तिथे जोडलेल्या साखळीला जास्त मोकळीक मिळते आणि ती वळते. २-३ जोड म्हणजे सरळ उभं ताट. २-६ जोड म्हणजे कणसाच्या भाराने मान वाकलेलं ताट.

पक्ष्यांच्या फ्लूचा एच सरळ कणीस पकडायला घडलेला आहे. माणसांच्या फ्लूचा एच वाकलेलं.

आणि ही कणसं शरीरात कुठे असतात बघा. रानबदकांच्या आतड्यात २-३ जोड भरपूर. म्हणून बदकांत फ्लू हा पोटातला संसर्ग असतो, विष्ठेतून तळ्याच्या पाण्यात जातो आणि तिथून दुसऱ्या बदकात. माणसाच्या नाकात, घशात, श्वासनलिकेत मुख्यतः २-६ जोड. पक्ष्यांचा विषाणू आपल्या नाकात आला तर त्याला धरायला फारसं काही मिळत नाही.

पण माणसात २-३ जोड अजिबात नसतो असं नाही. २००६ मध्येच, नवापूरच्या त्याच वर्षी, दोन स्वतंत्र अभ्यासांनी दाखवलं की माणसाच्या फुप्फुसात अगदी खोलवर, वायुकोशांच्या भागात, पक्ष्यांच्या विषाणूला चिकटायला जागा आहे.

आता कोड्याचे तिन्ही तुकडे जुळवा. नाकाघशात पकड मिळत नाही, म्हणून बर्ड फ्लू माणसाला क्वचित होतो. खूप जवळून, खूप प्रमाणात विषाणू आत ओढला गेला आणि तो खोल पोचला तर थेट फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया होतो, म्हणून इतका जीवघेणा. आणि विषाणू तळाशी वाढतो, नाकाघशात नाही, म्हणून खोकल्या-शिंकेतून तो दुसऱ्याकडे सहज जात नाही. नवापूरच्या माणसांना वाचवणाऱ्या गोष्टींत या वाकलेल्या कणसांचा मोठा हात होता.

मग ही भिंत कधी पडली आहे का?

पडली आहे. तीही एकदाच नाही.

१९५७ ची एच२एन२ ची साथ आणि १९६८ ची एच३एन२ ची साथ घ्या. दोन्हींतला एच पक्ष्यांकडून आलेला होता. माणसात स्थिरावताना त्यात मुख्य बदल किती झाले? दोन. एच हे प्रथिन साधारण साडेपाचशे अमिनो आम्लांची माळ आहे. त्यातल्या २२६ आणि २२८ या क्रमांकांवरचे मणी बदलले. हे दोन्ही मणी एचच्या डोक्यावरच्या त्या खळग्यात बसतात, जिथे सियालिक ॲसिड टेकतं. खळग्याचा आकार किंचित बदलला आणि सरळ कणीस धरणारा हात वाकलेलं कणीस धरायला लागला.

१९१८ ची साथ तर आपल्याकडे अजून सांगतात. मानमोडीची साथ म्हणून गावाकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ती येते. भारतात त्या साथीत एक कोटीहून जास्त माणसं गेली असा अंदाज आहे. त्या विषाणूच्या एचमध्ये बदल वेगळ्या जागी होते, १९० आणि २२५ या क्रमांकांवर. परिणाम तोच. वाकलेलं कणीस हातात आलं.

गायी, लाल डोळे आणि एक मणी

आता अगदी अलीकडचं. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत दुभत्या गायींमध्ये एच५एन१ सापडला. गायींमध्ये! तोही मुख्यतः कासेत, दुधात. तपासणीत दिसलं की गायीच्या कासेतल्या पेशींवर २-३ जोडाची, म्हणजे पक्ष्यांच्या विषाणूला हवी तशी कणसं भरपूर आहेत. विषाणूला जागा सापडली होती.

गोठ्यांवर आणि पोल्ट्रीत काम करणाऱ्या काही माणसांना लागण झाली. २०२५ पर्यंत अमेरिकेत अशी सुमारे ७० माणसं नोंदली गेली. बहुतेकांचा आजार सौम्य होता, आणि एक लक्षण वारंवार दिसलं: डोळे लाल होणं. याचाही कणसांशी संबंध लागतो. माणसाच्या डोळ्याच्या बाहेरच्या आवरणावर २-३ जोड असतो. दूध काढताना उडालेला थेंब डोळ्यात गेला की विषाणूला तिथे पकड मिळते.

डिसेंबर २०२४ मध्ये सायन्स या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. टेक्सासमधल्या एका बाधित माणसात सापडलेल्या विषाणूचा एच घेऊन संशोधकांनी त्यात एकच मणी बदलला. कोणता? तोच, २२६ वा. आणि तो एच माणसांसारखी, वाकलेली कणसं पकडायला लागला. आधी आपण दोन बदल म्हणत होतो, इथे एकाने काम झालं.

घाबरायच्या आधी थांबा. हा प्रयोग सुट्या प्रथिनावर होता, जिवंत विषाणूवर नाही. आणि पकड मिळणं ही पहिली पायरी आहे, सगळा जिना नाही. माणसामाणसांत पसरायला विषाणूच्या एचला हवेतल्या थेंबात टिकावं लागतं, वेळेआधी स्प्रिंग उलटून चालत नाही. त्याच्या प्रती काढणाऱ्या यंत्राला माणसाच्या पेशीत नीट चालावं लागतं, त्यासाठी वेगळे बदल लागतात. २०१२ मध्ये नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या दोन टीमनी फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यावर केलेल्या प्रयोगांतून हेच दिसलं: हवेतून पसरणारा एच५ बनायला पकडीचा बदल लागतोच, पण सोबत अजून काही बदल लागतात.

फेरेटच का, असं विचाराल. त्याच्या श्वसनमार्गातल्या साखरा आपल्यासारख्या आहेत. बहुतेक सस्तन प्राण्यांत सियालिक ॲसिडचे दोन मुख्य प्रकार असतात. माणसाच्या पूर्वजांत वीस-तीस लाख वर्षांपूर्वी एक जनुक बिघडलं आणि त्यातला एक प्रकार बनवणं आपण थांबवलं. वेल्लोरच्या सीएमसीमध्ये शिकलेले आणि नंतर अमेरिकेत काम करणारे अजित वर्की यांनी यावर मोठं काम केलं आहे. फेरेटमध्येही तो प्रकार बनत नाही. म्हणून फ्लूच्या बाबतीत तो आपला जवळचा नातेवाईक ठरतो, उत्क्रांतीत लांबचा असला तरी.

आता कात्री: सोडवणूक पण हवी

एचबद्दल बरंच झालं. एनला विसरून चालणार नाही. पकडणाऱ्याला सोडताही आलं पाहिजे.

पहिला प्रश्न विषाणू आत येतानाच येतो. नाकातला शेंबूड म्हणजे नुसता कचरा नाही. त्यातल्या चिकट प्रथिनांवर सियालिक ॲसिड लगडलेलं असतं. विषाणूला वाटतं पेशी सापडली, आणि तो शेंबडातच अडकतो. मग शिंकेसोबत बाहेर किंवा गिळून पोटात. आपल्या शरीराने लावलेला हा सापळा आहे. एन ही कात्री त्यातून वाट कापत विषाणूला पेशीपर्यंत नेते.

दुसरा प्रश्न बाहेर पडताना. पेशीतून नवे विषाणू निघतात तेव्हा त्याच पेशीवरची कणसं त्यांना धरून ठेवतात. शिवाय ते एकमेकांनाही चिकटतात. कात्रीने ती कणसं कापली तरच नवे विषाणू सुटे होऊन पुढच्या पेशीकडे जातात. पकड फार घट्ट आणि कात्री बोथट असेल तर विषाणू जागीच अडकतो. कात्री फार धारदार आणि पकड ढिली असेल तर चिकटायच्या आधीच सुटतो. दोघांचा ताळमेळ जमलेला विषाणूच पसरतो.

आणि इथेच औषधाला जागा मिळाली. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी या कात्रीचा त्रिमितीय आकार शोधला. तिच्या पात्यात सियालिक ॲसिड कसं बसतं ते दिसलं. मग सियालिक ॲसिडसारखा दिसणारा, पण न कापला जाणारा तुकडा बनवून कात्रीत अडकवायचा, अशी कल्पना. त्यातून झानामिविर हे ओढून घ्यायचं औषध आलं आणि पाठोपाठ ओसेल्टामिविर, ज्याला आपण टॅमिफ्लू म्हणून ओळखतो. दोन्ही १९९९ मध्ये बाजारात आली. औषध घेतलं की नवे विषाणू पेशीच्या दारातच गठ्ठ्याने अडकून राहतात.

यावरून एक व्यवहारातली गोष्ट कळते. हे औषध सुटका थांबवतं. सगळीकडे विषाणू सुटून झाले की त्याचा उपयोग कमी होतो. म्हणून लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर सगळ्यात चांगलं. ठरवायचं मात्र डॉक्टरांनी. आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक आणून फ्लूवर खाणं म्हणजे पैसे वाया. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं. त्याचा ना एचशी संबंध, ना एनशी.

तुमचे प्रश्न

या विषयावर व्हॉइस नोट मागवल्या होत्या. तीन प्रश्न घेते.

पहिला: "पेशीवर साखर असते म्हणता, मग गोड कमी खाल्लं तर फ्लू होणार नाही का?" नाही. सियालिक ॲसिड पेशी स्वतः बनवते, आणि ते तिला हवंच असतं. जिलबी सोडल्याने कणसं कमी होत नाहीत. मधुमेह असणाऱ्यांना फ्लू जास्त त्रास देऊ शकतो हे खरं, पण त्याचं कारण वेगळं आहे.

दुसरा: "टॅमिफ्लू चक्रीफुलापासून बनतं असं ऐकलं. मग मसाल्याचा काढा चालेल?" अर्धं खरं आहे. चक्रीफुलातून शिकिमिक ॲसिड नावाचा पदार्थ मिळतो आणि ओसेल्टामिविर बनवायला तो कच्चा माल म्हणून वापरतात. पण त्यानंतर कारखान्यात रासायनिक प्रक्रियेच्या बऱ्याच पायऱ्या असतात. कापूस चावून शर्ट मिळत नाही, तसंच. काढा घशाला बरा वाटतो म्हणून जरूर प्या, औषध म्हणून नको.

तिसरा प्रश्न मला फार आवडला: "दरवर्षी लस का बदलते? एचचा खळगा तोच असेल तर त्यालाच लस का नाही लावत?" बघा, खळगा लहान आणि उथळ आहे. अँटिबॉडी त्यापेक्षा मोठी, त्यामुळे ती खळग्याच्या काठांवरही टेकते. विषाणू खळगा सांभाळून काठ बदलत राहतो, म्हणून जुनी अँटिबॉडी घसरते. अजून एक अडचण आहे. बऱ्याच लसी अजून कोंबडीच्या अंड्यात वाढवलेल्या विषाणूपासून बनतात. अंड्यात २-३ जोडाची कणसं जास्त. माणसाचा विषाणू तिथे वाढताना अंड्याशी जुळवून घेतो, त्याचा एच किंचित बदलतो आणि कधीकधी लस मूळ विषाणूशी तंतोतंत जुळत नाही. एच३एन२ च्या बाबतीत हे झालेलं आहे. म्हणून पेशींत वाढवलेल्या किंवा थेट प्रथिनापासून बनवलेल्या लसी आल्या आहेत. तरीसुद्धा घरात वयस्कर माणसं, गरोदर बाई, दमा किंवा मधुमेह असलेलं कोणी असेल तर वर्षाच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. थोडी कमी जुळणारी लससुद्धा आजार गंभीर होण्याचा धोका कमी करते.

एवढं घेऊन जा

बर्ड फ्लूची बातमी आली की व्हॉट्सॲपवर दोन प्रकारचे मेसेज फिरतात. एक, "चिकन बंद करा, सगळे मरणार." दोन, "काही नसतं, पोल्ट्रीवाल्यांना बुडवायचा डाव आहे." आता तुम्हाला दोन्हींना उत्तर देता येईल.

नीट शिजवलेलं चिकन, अंडी आणि उकळलेलं दूध यातून फ्लू होत नाही. उष्णतेने विषाणूचे हात आणि कात्री दोन्ही निकामी होतात. धोका आहे तो आजारी किंवा मेलेल्या पक्ष्यांच्या जवळ जाण्यात. गावाकडे परसात कोंबड्या असतील आणि अचानक मरायला लागल्या तर हात लावू नका, कापून खाऊ नका, लांब फेकून देऊ नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. त्या कोंबड्या हाताळणाऱ्या माणसाला मास्क, हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवा. डोळ्यांवर का, ते आता तुम्हाला माहीत आहे.

आणि "काही नसतं" म्हणणाऱ्याला सांगा की पक्ष्यांचा विषाणू आणि आपण यांच्यातल्या भिंतींपैकी पहिली भिंत एका साखरेच्या वळणाची आहे. ती खरी आहे, तिने नवापूरला माणसं वाचवली. पण ती बारीक आहे. विषाणू जितक्या जास्त वेळा माणसापर्यंत पोचेल तितक्या जास्त वेळा त्याला २२६ वा मणी बदलून बघायची संधी मिळेल. म्हणून एखाद्या गावात कोंबड्या मेल्याचं लवकर कळवणं हे त्या गावापुरतं काम राहत नाही.

आजच्यासाठी इतकंच. हा भाग घरातल्या ग्रुपवर टाका, विशेषतः ज्या ग्रुपवर तो चक्रीफुलाच्या काढ्याचा मेसेज आला होता तिथे. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, छोटी पाठवा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, आणि शिंकताना तोंडावर कोपर धरा!